राऊटर आला अन् रेडिओ गेला: स्कॅनिंगमधली खरखर कशी घालवावी?

काळीमाती | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

गाव दारव्हा तालुक्यात. घर गावाच्या शेवटी, त्यापुढे वावरंच वावरं. जुन्या लॅपटॉपला आर८२०टी२ चिपचं एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) लावून रेडिओ ऐकायचा नाद आहे. स्कॅनर म्हणतो खरा, पण स्कॅनिंग सगळं सॉफ्टवेअरच करतं. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ विमानांचा पट्टा, १४४ ते १४६ हॅमवाल्यांचा (हौशी रेडिओवाल्यांचा), आणि अवकाश स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा १४५.८००. देशाच्या मधोमध राहण्याचा एवढाच फायदा, की रात्री दोनलाही आभाळात कोणी ना कोणी चाललेलं असतं. अँटेना टिनावर बांबूला बांधलीय, मोडक्या छत्रीच्या काड्यांची. १२७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी धरून एकेक काडी ५६ सेंमी.

जूनमध्ये घरी फायबर आलं. भिंतीवर तो पांढरा डबा बसला, त्यातून एक लॅन केबल गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत नेली. तेव्हापासून सगळा सत्यानाश. स्कॅन सुरू केलं की १२५.००० ला येऊन थांबतं, पुढे हलतच नाही. तिथे कोणी बोलत नाही, नुसती जाड रेघ. १४४.००० ला आणखी एक रेघ. बाकी पट्ट्यात धुकं पसरल्यासारखं, स्क्वेल्च (रिकामी खरखर दाबून ठेवणारी सोय) मिटत नाही. रात्री तर भरीला एक टिक्... टिक्... टिक्... येतं, सेकंदाला एक.

आणि सगळ्यात मोठी तक्रार बाबांची. त्यांच्या ट्रान्झिस्टरचा काटा माझ्या जन्माच्या आधीपासून नागपूरवर, ५८५ किलोहर्ट्झवर आहे. तिथे आता गिरणी चालल्यासारखं गुरगुरतं. "तुझ्या त्या डब्यानं माझं नागपूर खाल्लं," हे वाक्य रोज सकाळी चहासोबत ऐकतो.

वाय-फाय बंद करून पाहिलं, काडीचा फरक नाही. काय करावं?

---

वऱ्हाडी_ठसका | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

काय राजेहो! दुनिया रील पाहून राह्यली अन् तुमी खरखर आयकून राह्यले!

राऊटरले चांदीचा कागद गुंडाळा. आमच्या साळ्यानं केलं होतं.

---

डीपीवाला | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ठसका भाऊ, मंग साळ्याचं नेट चाललं का?

---

वऱ्हाडी_ठसका | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०९

नाही ना. डबा इतका तापला का त्याच्यावर पापड भाजला असता.

---

व्हीयू_काका | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

काळीमाती भाऊ, धागा चांगला काढलात. पहिले एक विचारून घेतो, हॅमचा परवाना आहे का? नसेल तर दूरसंचार विभागाच्या परीक्षेची तयारी करा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची फार अवघड नसते. आणि पोलिसांच्या वगैरे पट्ट्यात अजिबात डोकावू नका. एवढं बोलून मुद्द्यावर येतो.

वाय-फाय गुन्हेगार नाही. ते २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं, तुमचे पट्टे त्याच्या कितीतरी खाली. त्रास देतात त्या तीन गोष्टी: डब्याच्या पोटातल्या घड्याळाचे ठोके, त्याचा अडॅप्टर, आणि त्याला लटकलेल्या वायरी. यातल्या वायरी सगळ्यात वाईट. डबा स्वतः वीतभर, तो किती ओरडणार? पण त्याला तीस मीटर केबल जोडली की ती आयती अँटेना झाली.

चांदीच्या कागदाने काही होत नाही ते याचसाठी. गोंगाट डब्याच्या भिंतीतून कमी आणि वायरींवर बसून जास्त बाहेर येतो.

काही विकत घेऊ नका. आधी चोर कोण ते ठरवा, कारण तुमच्या वर्णनावरून मला एक नाही, तीन-चार चोर दिसतात. लॅपटॉप बॅटरीवर घ्या. सॉफ्टवेअरमधला गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो, हाताने एका आकड्यावर ठेवा. ऑटोवर ठेवला तर गोंगाट कमी झाला की सॉफ्टवेअर गेन वाढवेल आणि पडद्यावर तुम्हाला सगळं जसंच्या तसं दिसेल, या एका चुकीपायी मी स्वतः आठवडा घालवलाय. मग घरचा मेन स्विच पाडा. (मेनऐवजी आकडा असेल तर आकडा काढा. ह. घ्या.) काय गेलं, काय राहिलं, वहीत लिहा. नंतर एकेक वस्तू चालू करत जा. आणि एकदा डोंगलमधून अँटेनाची वायरच काढून पाहा. जी रेघ तरीही जागची हलणार नाही ती बाहेरून येतच नाही.

---

बाभूळकाटा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

एवढी कटकट कशाला? गोठ्यापर्यंत केबल नकोच, घरच्या लाईटच्या वायरिंगमधून नेट नेणारे ते जोड-अडॅप्टर मिळतात, एक इकडे एक तिकडे लावा. माझ्याकडे मस्त चालतात.

---

व्हीयू_काका | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

देवा! बाभूळकाटा, तुम्ही माझ्या शेजारी राहत नाही याचा आनंद आहे. ते यंत्र २ ते २८ मेगाहर्ट्झ आणि नवी मॉडेलं त्याच्याही वर, घरच्या वायरिंगवर मुद्दाम सोडतं. वायरिंगला कसलं कवच नसतं. म्हणजे अख्खं घर शॉर्टवेव्हवरचं गोंगाट केंद्र. रेडिओ ऐकणाऱ्याने ते घरात आणू नये.

---

काळीमाती | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

काका, परवाना आहे, रिस्ट्रिक्टेडचाच. ऐकलेलं कोणाला सांगतही नाही.

काल संध्याकाळी वीज आपोआपच गेली, मेन पाडायचं पाप लागलं नाही. अख्खं गाव अंधारात. पळत जाऊन लॅपटॉप उघडला. पडदा एरवी राखाडी असतो तो काळानिळा झालेला, १२५.००० ची रेघ साफ गायब, एका पायलटचा आवाज एवढा स्वच्छ की मी दचकलो. बाबांनी ट्रान्झिस्टर लावला, तोही ठणठणीत.

पण दोन गोष्टी तशाच. १४४.००० ची रेघ जागेवर. आणि ते टिक्-टिक् चालूच! वीज नाही, गावात एक दिवा नाही, तरी सेकंदाला एक टोला.

अँटेना काढली तर टिक्-टिक् गेलं, १४४ ची रेघ तरीही राहिली.

वीज आल्यावर एकेक करून पाहिलं. फ्रिज, एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, थोडीथोडी कुरकुर सगळ्यांची. राऊटर लावल्याबरोबर बाबांची गिरणी सुरू. कॅमेऱ्याची केबल राऊटरमधून उपटली तर १२५ ची रेघ बरीच बारीक झाली, पण गेली नाही.

---

व्हीयू_काका | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

शाब्बास. याला म्हणतात तपास.

१४४.००० चा चोर तुमच्या हातातच आहे. डोंगलमधल्या क्रिस्टलची वारंवारता २८.८ मेगाहर्ट्झ. पाचाने गुणा.

---

काळीमाती | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५३

१४४.०! पाच महिने राऊटरला शिव्या घातल्या की हो.

---

व्हीयू_काका | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

होतं असं. त्या वारंवारतेला स्कॅनमधून वगळून टाका, तिथे कोणी भेटणार नाही.

आता १२५. लॅनच्या चिपांना बहुतेक वेळा २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असतं, त्याची पाचपट १२५. शिवाय १०० मेगाबिटच्या लॅनमध्ये केबलवर जाणारे ठोकेच सेकंदाला साडेबारा कोटी. म्हणजे विमानांच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर हा खुंटा ठोकलेला. केबल काढल्यावर रेघ बारीक झाली कारण तिची अँटेना गेली. डबा स्वतः थोडं बोलतोच, ते राहिलं.

मिडियम वेव्हची गिरणी बहुधा अडॅप्टरची. पण डबा आणि अडॅप्टर एकत्रच चालू होतात, त्यामुळे अजून सिद्ध झालं नाही. राऊटर १२ व्होल्टचा असेल तर तासभर बॅटरीवर चालवून पाहा.

---

डीपीवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

बॅटरीसाठी बाजारात जाऊ नका. फवारणीचा पंप आहे ना घरी? बॅटरीवाल्या पंपात १२ व्होल्टचीच असते.

दोन गोष्टी सांभाळा. राऊटरच्या लेबलवर १२ व्होल्टच लिहिलंय का ते पाहा, काही ५ चे अन् ९ चेही असतात. अन् पिनचं अधिक-उणं मीटरनं तपासा, बहुतेकात मधली कांडी अधिक असते पण बहुतेकाच्या भरवशावर राऊटर जाळू नका. फुल चार्ज बॅटरी तेराच्या घरात दाखवते, तेवढं बहुतेक राऊटर चालवून घेतात.

---

काळीमाती | १७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

पंपाची बॅटरी लावली. (बायको म्हणे, आता राऊटरनं फवारता का तुरीवर?)

गिरणी बंद!! नेट चालू, नागपूर चालू, दोन्ही एकाच वेळी, पाच महिन्यांत पहिल्यांदा. १२५ ची रेघ मात्र होती तशी. म्हणजे काका म्हणाले तेच, अडॅप्टर वेगळा चोर, केबल वेगळी.

---

डीपीवाला | १७ नोव्हेंबर, रात्री ९:२५

जुने अडॅप्टर मी फोडून पाहात असतो, धंदाच आहे. चांगल्या अडॅप्टरात २३० व्होल्ट आत येतात तिथं फेराइटवर (काळ्या, चिनीमातीसारख्या चुंबकीय तुकड्यावर) गुंडाळलेली एक दुहेरी कॉइल असते, सोबत पिवळा चौकोनी कपॅसिटर. आतला गोंगाट घरच्या वायरिंगमध्ये जाऊ नये म्हणून. स्वस्तातल्या अडॅप्टरात बोर्डावर त्या कॉइलची जागा छापलेली असते, भोकं असतात, अन् त्या भोकांत कॉइलऐवजी नुसते तारेचे दोन तुकडे टाकून मोकळे! कपॅसिटरची जागा रिकामी. पाच-दहा रुपये वाचवले, तुमच्या बाबांचं नागपूर गेलं.

अन् हे अडॅप्टर दोन पिनचे, अर्थिंग नाहीच. आतल्या एका बारक्या कपॅसिटरमधून गोंगाट डीसीच्या वायरवरही येतो. राऊटरच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात ना, त्याच वाटेनं.

---

बाभूळकाटा | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मग राऊटरचा मिनी यूपीएस घ्या की. बॅटरीच असते त्यात. लाईट गेली तरी नेट चालू.

---

बोरधरण | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बाभूळकाटा, मी हे करून बसलेय म्हणून सांगते. त्या मिनी यूपीएसमध्ये मोबाइलसारखे पावणेचार व्होल्टचे सेल असतात आणि ते १२ पर्यंत चढवायला आत आणखी एक स्विचिंग सर्किट. म्हणजे अडॅप्टरची गिरणी होतीच, वर पिठाची चक्की बसवली. माझ्याकडे आवाज दुप्पट झाला. नेटसाठी उत्तम वस्तू आहे, रेडिओसाठी नाही.

काळीमाती दादा, मी वर्धा जिल्ह्यात शाळेत शिकवते. मुलांना घेऊन हवामान उपग्रहांची चित्रं उतरवायचो आम्ही, १३७ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जुने तीन उपग्रह २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा पोरांनी फळ्यावर श्रद्धांजली लिहिली होती. आता रशियाचे मेटिओर घेतो, १३७.९ आणि १३७.१ वर. शाळेत संगणकांची लॅब आली तशी चित्रावर आडव्या पट्ट्या यायला लागल्या. कारण तुमच्यासारखंच, लॅन.

एक विचारू? तुमची लॅन केबल आणि अँटेनाची वायर एकमेकींच्या किती जवळ आहेत?

---

काळीमाती | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२२

ताई, काय सांगू. जवळ कसल्या, एकाच वाशावरून गेल्यात. मीच जूनमध्ये दोन्ही एकत्र धरून एकाच पट्टीने बांधल्या, दर हातावर एक. दिसायला लय नीट दिसतंय.

---

बोरधरण | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२९

हसू आलं, माफ करा. आमच्या शिपाईमामांनी हेच केलं होतं, त्याच नीटनेटकेपणाने.

पट्ट्या कापा. अँटेनाची वायर घराच्या दुसऱ्या अंगाने उतरवा. दोघींची गाठ पडायचीच असेल तर काटकोनात पडू द्या. खर्च शून्य, आणि आमच्याकडे अर्धं काम यानेच झालं.

---

व्हीयू_काका | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. अनेकांना वाटतं को-अ‍ॅक्सियल वायरला जाळीचं कवच आहे, मग तिला काय होणार. कवच आतल्या सिग्नलला वाचवतं. पण त्या जाळीच्या बाहेरच्या अंगावर शेजारच्या केबलचा गोंगाट चढतो, वर अँटेनापर्यंत जातो आणि तिथून आत शिरतो. दाराला कुलूप आणि खिडकी उघडी.

यावर औषध फेराइट. वायरीवरून एकाच दिशेने वाहणारा हा फुकट्या प्रवाह फेराइट अडवतं, आतल्या सिग्नलला हात लावत नाही. पण लोक एक कडी चिकटवतात आणि "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. कडीतून वायर एकदा गेली तर अडथळा समजा एक पट, तीन वेढे दिले तर साधारण नऊ पट, कारण तो वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. मात्र विमानांच्या पट्ट्यासाठी दोन-तीन वेढ्यांवर थांबा. फार वेढे दिले तर वेढेच एकमेकांना कपॅसिटरसारखे जोडले जातात आणि वरच्या वारंवारतेला पळवाट मिळते. मिडियम वेव्हचं उलट, तिथे मोठ्या रिंगवर दहा-बारा वेढे हवेत.

विकत घेताना मिश्रणाचा नंबर बघा. ३१ नंबर शॉर्टवेव्हपासून वर चांगला, ४३ नंबर साधारण २५ ते ३०० मेगाहर्ट्झला. नंबर नसलेली कडी म्हणजे नशीब.

---

डीपीवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

नाहीतर भंगारवाल्याकडे जा. जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए केबलवर जी गाठ असते ती फेराइटच. मी यवतमाळहून पिशवीभर आणल्या, किलोच्या भावात. प्लास्टिक फोडायला लागतं, हळू फोडा, आतलं काचेसारखं तडकतं.

---

वऱ्हाडी_ठसका | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

भंगारवाला विचारीन, भाऊ केबल सोडून गाठी कायले नेता?

---

डीपीवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

विचारलंच त्यानं. म्हटलं बापाच्या रेडिओले नजर लागली, उतरवायची हाय.

---

काळीमाती | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

मधे हरभऱ्याला पाणी देणं चालू होतं, रात्रपाळीची लाईन. त्यामुळे उशीर.

पट्ट्या कापल्या. अँटेनाचा बांबू टिनावरून काढून घरामागच्या निंबाजवळ नेला, राऊटरपासून पंधराएक पावलं. डिश टीव्हीची वायर होतीच. ती ७५ ओहमची, पण नुसतं ऐकायला बिनधास्त चालते. लॅन केबलला राऊटरच्या बाजूला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला एकेक गाठ, प्रत्येकी तीन वेढे. अँटेनाच्या पायथ्याशी एक, डोंगलपाशी एक. वॉटरफॉलचा (पडद्यावरच्या रंगीत आलेखाचा) तळ, म्हणजे गोंगाटाची पातळी, गेन तोच ठेवून दहा-बारा डीबी खाली आला. १२५ ची रेघ आहे अजून, पण दोऱ्याएवढी. आता स्कॅन तिथे अडकत नाही.

फायबरची येणारी वायरही संशयाने तपासली, तिच्यात स्टीलची तार दिसली.

---

व्हीयू_काका | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ती तार वायरीला ताण सहन व्हावा म्हणून असते, डब्याला विजेने जोडलेली नसते. सिग्नल काचेतून जातो, काच काही प्रसारण करत नाही. फायबरला सोडून द्या. उलट पुढेमागे पैसे आले तर गोठ्यापर्यंतही फायबरच टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारे डबे). मात्र त्यांचे अडॅप्टर पुन्हा दोन वाढतील हे ध्यानात असू द्या.

---

डीपीवाला | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

अन् अडॅप्टरचं काय केलं? पंपाची बॅटरी किती दिवस अडकवता?

जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय करा. १२ व्होल्ट एक अँपचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८१२ रेग्युलेटर. स्विचिंगच नाही तं गोंगाट कुठून येईन? २३० च्या बाजूला फ्यूज टाका, डबा बंदिस्त ठेवा. हात बसलेला नसेल तं कोणा वायरमनकडून करून घ्या.

---

व्हीयू_काका | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५८

ब्रिजच्या प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. नाहीतर मिडियम वेव्हवर स्टेशन लावलं की एक गुणगुण येते.

---

काळीमाती | २९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

डीपीवाला भाऊ, तुमचा सप्लाय केला आणि घरात भांडण लागलं.

दिवसा उत्तम. रात्री आठला राऊटर आपोआप बंद-चालू, बंद-चालू. बायकोची मालिका मोबाइलवर, दर पाच मिनिटाला गोल चक्री. मला वाटलं ७८१२ तापून बसतंय. हात लावला तर थंड. शेवटी मीटर घेऊन सॉकेटमध्ये लावला: १८५ व्होल्ट! आमचं घर वावरांच्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), रात्री मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. काढून ठेवलेला जुना अडॅप्टर लावला तर तो १८५ वरही निमूट चालतो.

---

डीपीवाला | २९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

हौ, हे माह्या डोक्यातून सुटलं, माफी. अडॅप्टरवर पाहा, १०० ते २४० लिहिलेलं असते, तो खालीवर सांभाळून घेतो. ट्रान्सफॉर्मर बिचारा जेवढं येते तेवढंच देते.

हिशोब करा. २३० वर १२ व्होल्ट एसी, ब्रिजनंतर साडेपंधरा डीसी. १८५ वर तेच जेमतेम बारा. अन् ७८१२ ले आत यायला चौदा तरी लागते, नाहीतर बाहेर बारा देत नाही. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. मंग १८५ वरही पंधराच्या वर राहीन. भरपूर व्होल्टेज असलं तं वरचे सात-आठ व्होल्ट उष्णतेत जातीन, म्हणजे राऊटर पाऊण अँप घेत असला तं साडेपाच-सहा वॅट. आता थंडी हाय, चालून जाईन, पण आपल्याकडचा मे महिना धरून हीटसिंक टाका. तळहाताएवढा.

---

वऱ्हाडी_ठसका | २९ नोव्हेंबर, रात्री ११:०२

म्हंजे उन्हाळ्यात पुन्हा पापड.

---

काळीमाती | ६ डिसेंबर, रात्री ९:२०

१५ चा बसवला. सात दिवस झाले, राऊटर एकदाही पडला नाही. घरात शांतता.

आता टिक्-टिक्. ते तुमच्यापैकी कोणीच सोडवलं नाही, म्हणून मीच लागलो मागे. वीज गेली तरी येतं, रात्रीच येतं, सेकंदाला एक. बाबांचा ट्रान्झिस्टर घेतला, मिडियम वेव्हवर रिकाम्या जागी काटा ठेवला आणि रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन धुऱ्यावरून निघालो. आत फेराइटची दांडी असते, तिचं टोक उगमाकडे केलं की आवाज सगळ्यात कमी होतो, असं वाचलं होतं. पण इथे जिकडे टोक करावं तिकडे गोंधळ. शेवटी दिशा सोडली आणि आवाज कुठे वाढतो तेवढंच पाहात गेलो.

शेजारच्या काकाजींच्या तुरीपाशी ट्रान्झिस्टर ओरडायलाच लागला. बॅटरी विझवून पाहतो तर अंधारात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक निळी ठिणगी. टिक्. पुन्हा ठिणगी. टिक्. झटका मशीन, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं! रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) लावलेलं.

---

बोरधरण | ६ डिसेंबर, रात्री ९:३१

अगदी! १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं ना ते, वीज गेल्याशी त्याला काय देणंघेणं. आणि दोन झटक्यांत सेकंदभराचं अंतर ठेवावंच लागतं, म्हणून तो ठेका.

---

व्हीयू_काका | ६ डिसेंबर, रात्री ९:४५

दांडी फसली कारण उगम एका जागी नव्हता, शेताभोवतीची अख्खी तारच अँटेना झालेली. मशीनचा झटका मुळात एवढा त्रास देत नाही. ठिणगी उडते तिथे खरी बोंब. ठिणगी म्हणजे मार्कोनीच्या काळातला ट्रान्समीटर, सगळ्या पट्ट्यांवर एकदम ऐकू येतो. ठिणगी कुठे होती?

---

काळीमाती | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

तीन जागी. दोन ठिकाणी तुरीची फांदी तारेला टेकलेली. तिसरीकडे काकाजींनी तार बांबूला बांधताना मधे ड्रिपच्या नळीचा तुकडा घातलेला, तो उन्हाने उकललाय, तार थेट दवाने ओल्या बांबूवर.

सकाळी त्यांच्याकडे गेलो. पहिले ऐकेनातच, "तुह्या रेडिओसाठी माही तूर डुकराले देऊ काय?" म्हणाले. मग त्यांना मीटर लावून दाखवलं की ठिणगी उडते तिथून झटका जमिनीत वाया जातोय, तारेच्या पार टोकाला जवळपास काही पोचतच नाही. डुकरं त्याच टोकाकडून शिरत होती! मग स्वतःच विळा घेऊन आले. फांद्या छाटल्या, नळीचे नवे तुकडे घातले, मशीनच्या अर्थिंगच्या सळईला पाणी टाकलं.

---

डीपीवाला | ६ डिसेंबर, रात्री १०:२०

हे बेस्ट झालं. मशीनचंच कुंपण आहे हे चांगलं. काही लोकं सरळ २३० ची लाईन तारेत सोडतात. माणसं मेली, ढोरं मेली, वाघ मेले, तरी सोडतात. गुन्हाही हाय तो. कोणी वाचत असाल तं तसं करू नका.

---

बोरधरण | ७ डिसेंबर, सकाळी ७:१५

दादा, बाबांचं नागपूर कसं आहे आता? आणि मेटिओर नक्की पकडून पाहा. तुमची छत्री १३७ ला थोडी लांब पडेल, काड्या ५२ सेंमी करा, चित्र येईल.

---

काळीमाती | ७ डिसेंबर, रात्री ८:५०

ताई, काड्या कापायला हात धजत नाही, दुसरी छत्री मोडावी लागेल. घरात एकच उरलीय, आणि ती आईची आहे.

बाबांचं नागपूर सकाळी एकदम स्वच्छ. पण साडेनऊनंतर नवंच काहीतरी सुरू होतं, शिट्टीसारखं, ढग आला की सूर बदलतो, सूर्य मावळला की बंद. गावात या वर्षी सौर पंप पाच बसले. काका, सौर पंपाचा कंट्रोलर एवढं करू शकतो का?

---

व्हीयू_काका | ७ डिसेंबर, रात्री ९:०५

करू शकतो. पॅनेलपासून पंपापर्यंतच्या वायरी किती लांब आहेत ते मोजून आणा आणि वेगळा धागा काढा. हा फार लांबला.